आधी वजनकाटा, मग बीडलॉक: लिवाच्या वाळूतल्या एका हायलक्सचं प्रकरण

वाळूच्या उतारावर आडवी चाललेली टोयोटा हायलक्स. मागच्या, उताराच्या बाजूच्या चाकातून मोठा फुस्कारा आला आणि टायरची बाहेरची कड रिम सोडून आत गेली. गाडी त्याच कुशीवर झुकलेली, रिमची धार वाळूत रुतलेली. सोबतच्या दोन गाड्यांनी वरच्या अंगानं पट्टे लावून ती धरून ठेवली, जॅकखाली फळी टाकून चाक बदललं, आणि सगळे सुखरूप खाली आले. टायर फाटला नव्हता, रिमही वाकली नव्हती. फक्त हवा गेली होती, आणि ती नेमकी जाऊ नये तिथे गेली होती.

ही जागा लिवाची. अबू धाबी अमिरातीच्या अल धफ्रा भागात, रुब अल खाली या विस्तीर्ण वाळवंटाच्या उत्तर काठावर खजुराच्या बागांचा हा पट्टा आहे. त्याच्या दक्षिणेला वाळूचे डोंगर सुरू होतात. त्यातला तल मोरीब सुमारे ३०० मीटर उंच म्हणून सांगितला जातो. हिवाळ्यात शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रीघ लागते, आणि आखातात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना हा नाद लागलेला आहे. हायलक्सचा मालक मूळचा सांगलीचा, माझ्यापेक्षा वयानं लहान. माझं काम तेल-वायूच्या पाइपलाइनवर, फ्लॅंज (पाइपांच्या टोकाची, बोल्टांनी जोडायची कडी) आणि बोल्टच्या जोडांचं. म्हणून त्यानं मला फोन केला. त्याच्या डोक्यात बीडलॉक होतं, म्हणजे टायरची कड रिमला घट्ट धरून ठेवणारी रचना.

"दादा, आता बीडलॉकच घेतो. रिम बघून ठेवलेत. तुम्ही फक्त बोल्ट कसायला या."

"रिम पळून जात नाहीत. आधी गाडी जशी लिवाला नेतोस तशी पूर्ण भर आणि काट्यावर ने. पुढचा धुरा वेगळा, मागचा वेगळा."

त्याला हे आवडलं नाही. पण तो गेला, आणि या प्रकरणाचं निम्मं उत्तर त्या काट्याच्या पावतीवर होतं.

भरलेल्या गाडीचं एकूण वजन सुमारे २,६०० किलो भरलं. पुढच्या धुऱ्यावर साधारण १,२२०, मागच्यावर १,३८०. रिकाम्या गाडीत मागच्या धुऱ्यावर हाच आकडा साडेआठशेच्या आसपास असतो. म्हणजे पाण्याचे कॅन, जादा पेट्रोल, फ्रिज, जॅक, फळ्या, ओढायचे पट्टे, तंबू या सगळ्यामुळे मागच्या एकेका चाकावरचा भार ४२५ किलोवरून ६९० किलोवर गेला होता. हवा मात्र चारही चाकांत सारखीच, १० पीएसआय (दाबाचं एकक, दर चौरस इंचाला पाउंड). हा १० चा आकडा कुठून आला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आधी रिकाम्या गाडीनं फिरायचो तेव्हा दहावर मस्त चालायची."

टायर भार पेलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. टायर जमिनीला जिथे टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ गुणिले हवेचा दाब, हा ढोबळमानानं त्या चाकावरचा भार. टायरच्या भिंती स्वतःच्या ताठपणानं थोडा वाटा उचलतात, तो इथे बाजूला ठेवू. ६९० किलोच्या चाकात ३५ पीएसआय हवा असेल तर हिशेबानं ठसा सुमारे २८० चौरस सेंटिमीटरचा. १२ पीएसआयला तोच ८२० च्या जवळ जातो, १० ला ९८०, ८ ला सव्वाबाराशे. भिंतींच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात आकडे याहून कमी येतात, पण चढ तसाच राहतो. वाळूत हवा काढतात ती याचसाठी. ठसा रुंदीत थोडा आणि लांबीत बराच वाढतो, चाक वाळूत खणत बसण्याऐवजी तिच्यावरून चालतं.

आता हाच हिशेब उलटा मांडून पाहा. रिकाम्या गाडीत १० पीएसआयला टायर जितका दबत होता, तितकाच तो भरलेल्या गाडीत दबायला हवा असेल तर दाब भाराच्या प्रमाणात वाढवावा लागतो. ६९० भागिले ४२५ म्हणजे साधारण १.६. रिकाम्या गाडीचे १० पीएसआय हे भरलेल्या गाडीचे १६ झाले. त्या दिवशी गाडी १६ च्या जागी १० वर चालत होती.

त्यात उताराची भर. वीस अंशांच्या आडव्या उतारावर गाडीचं वजन खालच्या चाकांकडे सरकतं. हायलक्ससारख्या गाडीची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर धरून ढोबळ हिशेब केला तर मागच्या १,३८० किलोपैकी ८८० च्या आसपास एकट्या खालच्या चाकावर येतात आणि वरच्या चाकावर जेमतेम ४१० उरतात. शिवाय मागच्या धुऱ्याला उताराच्या दिशेनं ओढणारं बळ सुमारे ४७० किलोचं, आणि त्यातला मोठा हिस्साही खालच्याच चाकानं पेलायचा. रिम खाली ढकलली जाते, वाळू टायरला वर धरून ठेवते. त्यामुळे टायरचा जमिनीकडचा भाग रिमच्या मानानं गाडीच्या पोटाकडे सरकतो आणि बाहेरची बीड आपल्या बैठकीवरून आत खेचली जाते. बीड म्हणजे टायरची तारेची कड. रिमच्या काठाला तिला चिकटवून ठेवणारी गोष्ट हवाच असते. तीच कमी असली की कड सुटून रिमच्या मधल्या खोलगट भागात पडते आणि एका क्षणात सगळी हवा निघून जाते. आतली कड जागेवर राहिली आणि बाहेरचीच निसटली, हे त्या दिवसाच्या फोटोंत स्पष्ट दिसत होतं. बाहेरच्या बाजूचे बीडलॉक बहुतेक वाळूच्या गाड्यांना पुरतात, त्याचं कारणही हेच आहे. ज्या चाकावर भार जास्त, त्याची बाहेरचीच कड धोक्यात असते.

मग मी त्याला सरळ सांगितलं: तुला बीडलॉकची गरज नाही. मागे १६, पुढे १४ ठेव, चांगला गेज घे आणि निवांत फिर. लिवाला जाणाऱ्या बहुसंख्य गाड्यांना हाच सल्ला मी आजही देईन. १२ ते १५ पीएसआयवर धड रिमवर बसलेला चांगला टायर सहसा उतरत नाही. उतरला तर बहुतेक वेळा जास्तीचा भार, आडवा उतार किंवा वेगात मारलेलं वळण, यातलं काहीतरी कारण सापडतं.

पण त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते खरं होतं. त्यांच्या गटात तो शेवटची गाडी चालवतो. मागे राहिलेल्यांना, रुतलेल्यांना बाहेर काढायचं काम त्याचं. वाळूच्या खोल वाटीत रुतलेली अडीच टनांची गाडी ओढताना १४ वर त्याचीच चाकं खणायला लागतात. तिथे थोडा वेळ का होईना, ८ पर्यंत उतरावं लागतं, आणि भरलेल्या गाडीत ८ पीएसआयवर साध्या रिमवरची कड भरवशाची नाही. हे कारण मला पटलं. बीडलॉकचा निर्णय कोणत्या दाबावर, कोणत्या भारानं आणि कशासाठी गाडी चालवायची यावर ठरावा. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून घेतलेल्या बीडलॉकची देखभाल कोणी करत नाही, आणि देखभाल न केलेला बीडलॉक साध्या रिमपेक्षा धोक्याचा.

पर्याय तीन होते. पहिला ऑस्ट्रेलियातून आलेला प्रकार: टायरच्या आत कवचात बंद केलेली एक वेगळी नळी असते, तिच्यात ५० पीएसआयच्या आसपास हवा भरली की ती दोन्ही कडा बाहेर दाबून धरते. रिम बदलावी लागत नाही, पण दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी रिमला भोक पाडावं लागतं, आणि वाळवंटात आतली नळी गळाली तर ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं. दुसरा लष्करी गाड्यांतला: दोन तुकड्यांची रिम आणि दोन्ही कडांच्या मध्ये बसणारा रबरी ठोकळा. मजबूत, पण जड आणि महाग. तिसरा सर्वांत प्रचलित: रिमच्या बाहेरच्या अंगाला एक खाच, तिच्यात टायरची बाहेरची कड बसते आणि वरून धातूचं वळं बोल्टांनी आवळतात. आम्ही तिसरा घेतला.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण यात अनेकांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. बाजारात बीडलॉकसारख्या दिसणाऱ्या रिम पुष्कळ मिळतात. काहींवर बोल्टांची डोकी निव्वळ शोभेची. काही, जशा फोर्डच्या रॅप्टर किंवा ब्रॉन्कोच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच येतात, त्या बीडलॉक होऊ शकणाऱ्या. त्यांच्यावर मुळात शोभेचं वळं असतं आणि टायर नेहमीसारखाच बसलेला असतो. खरं आवळणारं वळं वेगळं घेऊन टायर पुन्हा बसवावा लागतो. वळं काढल्यावर टायरची कड उघडी दिसते का, एवढं पाहिलं की शंका मिटते.

रिम निवडताना हायलक्सची मापं ठरलेली: सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक १०६.१ मिलिमीटर. १७ इंची, साडेआठ इंच रुंद रिम घेतली. रिमवर कोरलेली भारक्षमता मागच्या धुऱ्याच्या कमाल भाराच्या निम्म्याहून चांगली वर आहे, हे तपासलं. नट कंपनीचेच वापरता येतील असं त्यानं गृहीत धरलं होतं. पण नव्या रिमला शंकूच्या बैठकीचे नट लागत होते. बैठक न जुळणारा नट कितीही कसला तरी तो खोटाच धरतो, म्हणून नटांचा वेगळा संच घेऊन डब्यावर रंगानं खूण केली.

टायर २८५/७० आर १७. मूळ २६५/६५ पेक्षा तो सुमारे सात टक्के उंच, त्यामुळे वेगमापक तितका कमी वेग दाखवणार, हे चालवणाऱ्याच्या ध्यानात असलेलं बरं. त्याला दहा प्लायचा ई श्रेणीचा टायर हवा होता, मी सहा प्लायच्या सी श्रेणीचा आग्रह धरला. सी श्रेणीचा भार निर्देशांक ११६, म्हणजे एका टायरला १,२५० किलो. या गाडीला ते भरपूर झालं. ई श्रेणीच्या भिंती इतक्या ताठ असतात की तितकाच पसरट ठसा मिळवायला आणखी हवा काढावी लागते. टोकदार खडकांत मी ई घेतला असता. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या धारदार दगडांवर थार किंवा जिप्सी नेणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. तिथे फार कमी हवेत टायरची भिंत दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाऊन फाटते, आणि बीडलॉक त्यापासून वाचवत नाही.

बसवायचं काम मुसाफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका टायरच्या दुकानात झालं. दुकानातले पेशावरकडचे वयस्कर कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. हात अतिशय सराईत. पण त्यांच्याकडचा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच कसणारा पाना, चाकाच्या नटांचा, ४० न्यूटन-मीटरच्या खाली न जाणारा. बीडलॉकच्या वळ्याचे बोल्ट बारीक असतात, आमचे ५/१६ इंची. उत्पादक त्यांना सहसा १५ ते २० फूट-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण २० ते २७ न्यूटन-मीटर. नेमका आकडा ज्या त्या रिमच्या कागदावर असतो आणि तोच पाळायचा. मी माझा लहान रेंच नेला होता. चाचांनी हवेची गन उचलली तेव्हा मी त्यांना हात जोडले. गनेनं या बोल्टांचे आटे कधी जातात ते कळतसुद्धा नाही.

माझ्या रोजच्या कामाचा संबंध इथे येतो. फ्लॅंजच्या जोडात दोन धातूंमध्ये गळती रोखणारं गॅस्केट असतं, बीडलॉकमध्ये त्या जागी टायरची कड. २२ न्यूटन-मीटरला ५/१६ चा कोरडा बोल्ट साधारण १,४०० किलोच्या ताणानं ओढला जातो. असे २४ बोल्ट म्हणजे ३३ टनांची पकड. त्याच बोल्टला ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं आणि टॉर्क तोच ठेवला तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण दीडपटीच्या घरात जाऊ शकतो. बोल्ट तुटला नाही तरी अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात. त्यामुळे उत्पादकाचा आकडा कोरड्या बोल्टचा आहे की वंगण लावलेल्याचा, हे कागदावर शोधल्याशिवाय आम्ही पहिला बोल्टसुद्धा लावला नाही.

रिम दर्शनी बाजू वर करून उलट्या बादलीवर ठेवली. टायरच्या कडेवर साच्यातून आलेल्या रबराच्या बारीक मिशा असतात, त्या पात्यानं साफ केल्या. साबणाचं पाणी फक्त आतल्या कडेला लावलं. आवळली जाणारी बाहेरची कड कोरडी हवी, पकड घर्षणावरच असते. आतली कड रिमवरून खाली सरकवली, बाहेरची खाचेत बसवली, वळं ठेवलं आणि सगळे बोल्ट आधी हातानं लावले. मग समोरासमोर, चांदणीच्या क्रमानं, ७ न्यूटन-मीटरची एक फेरी, १४ ची दुसरी, २२ ची तिसरी. त्यानंतर गोलाकार फेऱ्या, एकही बोल्ट हलेनासा होईपर्यंत. एक बोल्ट कसला की शेजारचा सैल होतो, कारण खालचं रबर दबत असतं. चौथ्या-पाचव्या फेरीतही बोल्ट हलताना पाहून चाचा म्हणाले, "इंजिनियर साब, यह तो खत्म ही नहीं होता." पण संपतं. घाई केली नाही तरच संपतं.

तिसऱ्या चाकाला अडचण आली. वळं आणि रिम यांच्यातली फट एका बाजूला जवळजवळ बंद आणि समोरच्या बाजूला मिलिमीटरभर उघडी. फीलर गेजनं मोजायच्या आधीच चाचांनी नखानं ती ओळखली होती. टायरची कड खाचेत एका अंगाला सरकलेली होती. असंच आवळलं असतं तर चाक डगमगत फिरलं असतं आणि एका बाजूच्या बोल्टांवर वाकवणारा भार आला असता. सगळे बोल्ट काढून, कड मधोमध आणून, पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. वळं सगळीकडे सारखं बसलं आहे का, हे पाहायला वेळ लागत नाही आणि नेमकं हेच राहून जातं.

आतली कड बैठकीवर बसवायला हवा भरताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही आणि चाकाच्या समोर उभं राहायचं नाही. पेट्रोल किंवा स्प्रे पेटवून टायर बसवण्याचे प्रकार मी कुणालाही करू देणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: चाकात हवा असताना वळ्याचे बोल्ट सैल करायचे नाहीत, कधीच नाहीत. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यायची. ३५ पीएसआयचा टायर त्या वळ्याला आतून कित्येक टनांनी बाहेर ढकलत असतो.

साबणाच्या पाण्याची गळती-चाचणी झाली. एका चाकाला बुडबुडे आले, तिथे कडेवर राहून गेलेली रबराची मिशी सापडली. चाकं एक दिवस तशीच ठेवली आणि पुन्हा रेंच फिरवला. बरेच बोल्ट थोडे थोडे हलले. रबर दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळे हे होणारच. त्यानंतर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून वळ्यावर येणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आतल्या बाजूलाही टायर आणि रिमवर मिळून एक रेघ ओढली, आतली कड घसरली तर कळावी म्हणून.

अशा रिमवर अनेक उत्पादक फक्त ऑफ-रोड वापरासाठी असं छापतात. म्हणून अबू धाबी ते लिवा हा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा डांबरी रस्ता साध्या चाकांवर कापायचा आणि तळावर चाकं बदलायची, असं ठरलं. पाचवं, जादा चाक साध्या रिमवर, पण टायर त्याच मापाचा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये डिफरन्शियलवर ताण येतो. महाराष्ट्रात हे करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्यावं. गाडी मूळ नमुन्यापेक्षा वेगळी करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतलेली आहे.

आता हवा. पहिली खरेदी गेजची होती. त्याचा जुना गेज ० ते १०० पीएसआयचा. अशा गेजची चूक पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत असते. दोन टक्के म्हटलं तरी २ पीएसआय, आणि १० पीएसआय मोजताना ती वीस टक्क्यांची चूक झाली. ० ते ३० च्या गेजमध्ये तीच चूक ०.६ पीएसआय. कमी दाबाच्या कामात मोठ्या पट्टीचा गेज निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तळावर, पूर्ण भरलेली गाडी सपाट आणि कडक वाळूवर उभी केली. रिमच्या काठापासून जमिनीपर्यंतची उंची ३५ पीएसआयला मोजली. मागे ती सुमारे १६० मिलिमीटर भरली. आमचं लक्ष्य त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे १२० च्या खाली जायचं नाही. हवा थोडी थोडी काढत, प्रत्येक वेळी पट्टीनं मोजत गेलो. पुढे १३ आणि मागे १५ वर गाडी सारखी दबलेली दिसली. तो रोजचा दाब ठरला. मागे ८ ला उंची आमच्या मर्यादेच्या खाली गेली, म्हणून ८ हा फक्त ओढायच्या कामाचा, चालण्याच्या वेगाचा, सरळ रेषेतला दाब. आडव्या उतारावर ८ नाही, बीडलॉक असला तरी नाही.

हे त्याला सहज मान्य झालं नाही. "मग एवढा खर्च कशाला केला, दादा?"

बीडलॉक कड धरतो. भार त्याला उचलता येत नाही, तो हवाच उचलते. आधी हवा फार कमी झाली तर कड सुटायची आणि गाडी थांबायची. आता कड सुटणार नाही. टायरची भिंत मात्र दुमडत राहील, आतून तापेल, रबर घासलं जाईल आणि चालवणाऱ्याला काहीच कळणार नाही. जी चूक पूर्वी फुस्काऱ्यानं समोर यायची, ती आता टायरच्या आत चुपचाप साठत जाते. म्हणून बीडलॉक बसवलेल्या गाडीत दाब मोजायची शिस्त साध्या गाडीपेक्षा जास्त कडक हवी. २००७ साली चुंबकीय उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या, आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्सनं तयार केलेल्या हायलक्सचे व्हिडिओ पाहून लोक विचारतात, ते तर २-३ पीएसआयवर चालतात, मग आपण का नाही? ते ३८ इंची टायर, ती थंडी, तो बर्फ आणि तो संथ वेग. वाळवंटातल्या तापलेल्या वाळूवर, लहान टायरांवर तो आकडा आणणं म्हणजे टायर जाळणं.

तापमानाचा मुद्दा लिवातच प्रत्यक्ष दिसला. पहाटे थंडीत १२ भरलेला टायर दुपारी, ऊन आणि चालण्यानं तीस अंशांनी तापला, तर दाब जवळजवळ ३ पीएसआयनं वाढतो. वाढलेला पाहून दुपारी हवा काढली आणि संध्याकाळी गार झालेल्या टायरवर आडवा उतार घेतला, की आपण नकळत ९ वर असतो. आम्ही नियम ठेवला: दाब ठरवायचा तो सकाळच्या गार टायरवर, आणि दुपारी काढली तर संध्याकाळी पुन्हा मोजायचं.

त्या फेरीत खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी आली. एक जड एसयूव्ही वाटीसारख्या खोलगट जागेत दाराच्या पायरीपर्यंत रुतली. शेजारच्या सपाट भागाकडून सोपं जाईल असं एकाला वाटत होतं, पण तो सबखा होता. वर मिठाचा कोरडा पापुद्रा आणि खाली ओला गाळ. तिथे गेलेली गाडी कितीही हवा काढली तरी बाहेर येत नाही. म्हणून वाळूकडूनच ओढायचं ठरलं. हायलक्सच्या मागच्या चाकांत हवा ८ वर, पुढच्यांत १० वर आणली, ताणणारा पट्टा लावला, आणि दोन-तीन हलक्या ओढींत गाडी हलली. चाकं खणली नाहीत. लगेच तिथेच कॉम्प्रेसर काढून मागे हवा पुन्हा १५ केली. पुढे जायची घाई सगळ्यांना होती, पण तेवढ्यासाठी सगळे थांबले. रस्त्यावर परतण्याआधी साधी चाकं चढवली आणि त्यांची हवा पाहिली. १२ वरून ३५ पर्यंत एक टायर भरायला सव्वाशे लिटरच्या आसपास मोकळी हवा लागते, चारांना मिळून पाचशे. लहान कॉम्प्रेसर घेणाऱ्यांनी हा हिशेब खरेदीआधी करावा. तो मध्येच तापून बंद पडतो आणि लोक कंटाळून २० वरच डांबरावर निघतात.

परत आल्यावर चाकं पुन्हा चाचांच्या दुकानात नेली. रंगाच्या रेघा जवळजवळ सगळ्या अखंड, दोन-तीन बोल्टांची रेघ किंचित तुटलेली. ते काढून, आट्यांतली वाळू हवेनं उडवून, नव्यानं कसले. एका टायरची आतली बाजू पाहण्यासाठी तो पूर्ण उघडला. भिंतीच्या आतल्या अस्तरावर घासल्याची खूण नव्हती, तळाशी रबराची काळी भुकटीही नव्हती. ही भुकटी दिसली की टायर आतून झिजायला लागला असं समजावं आणि तो लिवाला नेऊ नये.

आता त्याचा प्रश्न आतल्या कडेचा आहे. दोन्ही बाजूंचे बीडलॉक घ्यावेत का? आतल्या बाजूच्या रेघा चारही चाकांवर सरळ जुळलेल्या होत्या, कड कुठेही घसरलेली नव्हती. आडव्या उतारावर आतली कड धोक्यात येते ती वरच्या चाकाची, आणि त्याच्यावर भार कमी असतो. ८ पीएसआय हा फक्त ओढण्यापुरता दाब आहे तोवर मी नको म्हटलं आहे. मागच्या धुऱ्यावरचा भार मात्र अजून जास्त आहे. पाण्याचे दोन कॅन आणि फ्रिज पुढच्या सीटांमागे सरकवता येतील का, ते मोजायला तो पुढच्या आठवड्यात पुन्हा काट्यावर जाणार आहे.